काठावरचं नाव

किसन पैलवानांना पाणी दिलं की ते लगेच पीत नाहीत. आधी तांब्या डोळ्यांजवळ नेतात, काठाला धरून सावकाश फिरवतात, आणि त्यावर घातलेलं नाव सापडलं की मोठ्यानं वाचतात. मग पाणी. तांब्या काठोकाठ भरलेला असला तर नाव सापडेपर्यंत अर्धं पाणी त्यांच्या लेंग्यावर सांडलेलं असतं. त्याची त्यांना पर्वा नसते. भांड्यावर नाव नसलंच तर पाणी पितात, पण परक्या गावात प्यावं तसं, दोन घोटांत आणि न बोलता.

लग्नाकार्यात त्यांच्या शेजारी पंगतीला बसायला लोक कचरतात. एकदा त्यांनी वाढप्याचा हात धरून आमटीच्या पातेल्यावरचा सगळा मजकूर वाचून काढला होता. कुणाच्या तरी सासूच्या स्मरणार्थ ते पातेलं देवळाला दिलेलं होतं. मागची पंगत खोळंबली, वाढपी कुरकुरला. "थांब रं," पैलवान म्हणाले, "कुनाच्या सासूचं खातूया ते तरी कळू दे."

मी त्यांच्या इमारतीत राहायला आलो तो कुमुद गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात. कुमुद म्हणजे माझी पत्नी. मुलगी हिंजवडीला नोकरी करते. तिच्या उंचावरच्या घरातून मला खाली बघवेना, आणि पुण्यातल्या आमच्या जुन्या घरात आत बघवेना. तेव्हा घोटावड्याजवळ, भाताच्या खाचरांच्या कडेला उभी राहिलेली ही तीन मजली इमारत मुलीनंच शोधून काढली. माझं आयुष्य एका कॉलेजच्या ग्रंथालयात गेलं. त्यामुळे सामान दोनच प्रकारचं होतं: पुस्तकं, आणि कुमुदच्या स्वयंपाकघराची खोकी. पुस्तकं मी त्याच आठवड्यात लावली. खोकी तशीच राहिली. एका खोक्याची चिकटपट्टी वाटेत सुटली होती. त्यातून एक तांब्या आणि एक फुलपात्र बाहेर काढलं आणि तेवढ्यावर भागवत राहिलो.

पाण्याची मोटर कधी लावतात हे सांगायला म्हणून पैलवान वर आले, ती आमची पहिली भेट. उंचेपुरे, सत्तरीचे, दाराच्या चौकटीत मावायला थोडे तिरके होणारे. कुस्तीगिराचे असतात तसे कान चेपलेले. मी पाणी दिलं. त्यांनी तांब्या फिरवायला सुरुवात केली. भांड्यात केस निघाला असावा असं मला वाटलं.

"कुमुद हिस," त्यांनी वाचलं. आखाड्यात जोड पुकारावी तसा आवाज. "मावशीकडून." मग माझ्याकडे बघितलं. "कुमुद म्हंजी?"

"माझी पत्नी."

"कुटं हायेत?"

"गेली. मागच्या वर्षी."

त्यांनी मान हलवली, पाणी संपवलं, तांब्या दोन्ही हातांनी खाली ठेवला. "मावशीनं भांडं जड दिलंय," म्हणाले, आणि मोटरचं सांगायचं विसरून खाली गेले.

मला राग आला होता. त्या वर्षभरात त्या नावाचा इतक्या मोठ्यानं उच्चार कुणी केला नव्हता. भेटायला येणारे 'वहिनी' म्हणत, मुलगी 'आई' म्हणे, आणि मी कुणाशी बोलतच नव्हतो.

इमारतीचं नाव शौर्य निवास. शौर्य हा पैलवानांचा नातू. जमिनीचा रस्त्याकडचा तुकडा विकून मुलानं, संदीपनं, ही इमारत बांधली आणि खोल्या कंपन्यांत काम करणाऱ्या मुलामुलींना भाड्यानं दिल्या. ही मुलं लातूर, जालना, अमरावती अशा ठिकाणांहून येतात, वर्ष-दीड वर्ष राहतात, नोकरी बदलली की जातात. जाताना मागे वस्तू टाकून जातात. त्या वस्तूंवर पैलवानांचं घराणं चालतं, असं म्हटलं पाहिजे.

कुणी खोली सोडू लागलं की पैलवान टेम्पोशेजारी येऊन उभे राहतात. जकात नाक्यावरच्या शिपायासारखे. काय चढतंय याकडे त्यांचं लक्ष नसतं, काय उरतंय याकडे असतं. "टाकायचं न्हाई, लावायचं," हे त्यांचं ब्रीद. लावायचं म्हणजे भिंतीला, दाराला, झाडाला, जिथं जागा असेल तिथं.

संगणकाच्या मोडक्या कीबोर्डांची बटणं ओवून त्यांनी मुख्य दाराला तोरण केलं आहे. मधोमध 'एंटर' लिहिलेलं मोठं बटण. त्याचा अर्थ 'आत या' असा होतो, हे त्यांना जालन्याच्या एका मुलानं सांगितलं होतं. त्याच मुलानं सुचवल्यावरून दाराच्या आतल्या बाजूला 'एस्केप' लावलं आहे. गळ्यात ओळखपत्र अडकवायच्या पट्ट्या विणून त्यांनी कुंड्यांची शिंकाळी केली. प्रत्येक कुंडी निरनिराळ्या कंपनीत कामाला असल्यासारखी दिसते. मुठ्याकडच्या एका बंगल्यानं टाकलेला न्हाणीतला टब त्यांनी बैलगाडीवरून आणला आणि त्यात दुधीभोपळा लावला. पंख्याची पाती गोल जोडून जिन्यात कमळ केलं. आणि बंद पडलेल्या धुलाईयंत्राचा आतला डबा अंगणात उभा करून त्यात तुळस लावली. "हे यंत्र जनमभर सोताच फिरलं," ते म्हणतात, "आता लोकं त्याच्याभवती फिरत्याती."

"सर, तुम्हीच सांगा मामांना," रूपाली मला म्हणाली होती. रूपाली ही त्यांची सून. "माझ्या माहेरी म्हणतात, तुमच्याकडं वॉशिंग मशीनला हळदकुंकू वाहतात."

या कामांबद्दल ते कुस्तीच्याच भाषेत बोलतात. नवीन वस्तू आली की दोन दिवस ती नुसती उलटीपालटी करून बघायची, ती खडाखडी. मग पकड. "ह्या पंख्यानं मला लई दमवलं," कमळाविषयी त्यांनी सांगितलं. "पाती दाद देईनात. मंग उचलला, ढाक लावली, चीत." प्रेशर कुकरच्या झाकणाचं घड्याळ करायचं मात्र जमलं नाही; काटे शिट्टीला अडकत. ती कुस्ती बरोबरीत सोडवली, असं ते म्हणत. झाकण तसंच भिंतीवर आहे, कायम पावणेतीन वाजलेले.

एकदा पहिल्या मजल्यावरच्या एका मुलीनं रडत रडत एक मोठं कापडी अस्वल कचऱ्यात टाकलं. पैलवानांनी काही विचारलं नाही. धुतलं, वाळवलं आणि जिन्याच्या वळणावर खुर्चीत बसवलं. दुसऱ्या दिवशी मुलगी खाली आली. "आजोबा, ते काढा ना तिथून. मला रोज जाताना दिसतं."

पैलवानांनी विचार केला. मग अस्वलाची खुर्ची भिंतीकडे वळवली. "आता त्यो तुला बघनार न्हाई," म्हणाले.

ते अस्वल अजून तसंच बसलेलं आहे. मुलगी पुढं नोकरी बदलून गेली. जाताना तिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवलेला मी पाहिला.

इमारतीच्या मागे गोठा आहे, किंवा होता. जनावरं विकल्यावर तो पैलवानांचा कारखाना झाला. पुढच्या भागात तारा, नळ्या, बाटल्या, पडद्यांचे दांडे. मागच्या भागात, जिथं गव्हाण होती तिथं, आढ्याला खिळे मारून भांडी टांगलेली होती. तांब्ये, कळश्या, ताटल्या, परात, डबे. भंगारातून आणलेली. या भांड्यांचं ते काहीच करत नसत. भोक पाडत नसत, रंग लावत नसत. फक्त घासून, काठावरचं नाव समोर येईल अशी टांगत. वारा आला की ती एकमेकांवर हलकी आपटत.

मी पहिल्यांदा आत गेलो तेव्हा सवयीनं कपाटातली पुस्तकं वाचावीत तसा ओळीनं वाचत गेलो. द्वारका हिस मामाकडून. चि. सौ. कां. अंजनी, आत्याकडून. सोनाबाई, थोरल्या भावाकडून. सगळी आंदणात आलेली भांडी. कुणीतरी घरून निघताना दिलेली, आणि कुणीतरी दुसऱ्यानं मोडीत काढलेली.

"तुमी भराभरा वाचता," पैलवान मागून म्हणाले. "माज्या डोळ्यात मोतीबिंदू आलाय. बारकी टिंबं दिसत न्हाईत." मग थोडं थांबून: "एक कळशी हुडकायचीया, सर. याल का संगट?"

कळशी पितळेची होती. तिच्या एका अंगाला मोठा पोचा होता. लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात पैलवानांनी भरलेली कळशी एका हातानं डोक्यावर धरून अंगणाला फेरी मारून दाखवली होती, आणि ती दगडावर पडली. बायको रागावली नाही. पोचा पडलेली बाजू कमरेत बरोबर बसते म्हणाली, आणि पुढं जन्मभर त्याच बाजूनं कळशी कमरेवर घेतली. आता बायको नव्हती. तिच्या मागून कळशी मोडीत गेली. ती परत मिळवायची होती.

"पोच्याच्या वर नाव हाय," ते म्हणाले.

"काय नाव?"

पैलवान खोकले. टोपी काढली, परत घातली. "आमच्या ह्यांचं."

"हो, पण नाव काय?"

"ते हाय की त्याच्यावर."

गावभरच्या बायकांची नावं पंगतीत ओरडून वाचणारा माणूस स्वतःच्या बायकोचं नाव तोंडातून काढेना. मी दोनदा विचारलं. ते गव्हाणीत वाकून तारेचं भेंडोळं सोडवायला लागले. शेवटी मी घरात जाऊन रूपालीला विचारलं.

"आत्यांचं? हौसाबाई," ती म्हणाली आणि हसली. "मामा नाही सांगायचे. लग्नात उखाण्यात घेतलं असेल, तेवढंच. हाक मारायची तरी नुसतं 'आगं' म्हणायचे."

त्यानंतर आम्ही पिरंगुटपासून पौडपर्यंतची भंगाराची दुकानं धुंडाळायला लागलो. मी त्यांच्या स्कूटरवर मागे बसत असे. सकाळी कंपन्यांच्या गाड्या हिंजवडीकडे रांगेनं जात असत आणि आम्ही उलट्या दिशेनं. मला त्या काळात कुठं जायचं कारण नव्हतं, आणि हे एक कारण होतं. पिरंगुटचा भंगारवाला उत्तरेकडचा होता. आम्ही दिसलो की पोरांना हाक मारायचा, "अरे, पीतल इधर लाओ, नाम पढ़नेवाले आ गए." पोरं ढीग ओतायची. मी चष्मा पुसून एकेक भांडं उचलायचो आणि वाचायचो. पैलवान उकिडवे बसून ऐकायचे. प्रत्येक नावाला मान हलवायचे, ओळखीचं असल्यासारखी. हौसाबाई कधी निघाली नाही. एखादं जुनं भांडं त्यांना तिथं टाकवायचं नाही, ते घेऊन यायचे. गव्हाणीवरची नावं वाढत गेली.

पौडात बाजारपेठेत भांड्यांचं एक जुनं दुकान आहे. जुनी भांडी मोडीत घेऊन नवी देणारं. आम्ही त्या रस्त्यानं अनेकदा गेलो, पण दुकान आलं की पैलवान स्कूटर रस्त्याच्या दुसऱ्या कडेला घ्यायचे. एकदा मी म्हटलं, "इथं विचारू या का?"

"न्हाई," ते म्हणाले. इतकंच. मी पुन्हा सुचवलं नाही.

मी घरी परतलो की पाठोपाठ ते वर यायचे. मी पाणी द्यायचो. ते तांब्या फिरवायचे. "कुमुद हिस, मावशीकडून." प्रत्येक वेळी, पहिल्यांदाच वाचत असल्यासारखं. सुरुवातीला मी दुसरीकडे बघायचो. नंतर नंतर त्या वेळेची वाट बघायला लागलो, पण हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

भाताला लोंब्या धरल्या त्या सुमारास संदीपनं सांगितलं की गोठा पाडायचा. मुलांच्या गाड्या रस्त्यावर लागत होत्या, त्यावरून शेजाऱ्यांशी रोज भांडण होत होतं. त्याचं चुकत नव्हतं.

"दिवाळी होऊ दे आबा, मग जेसीबी सांगतो," तो म्हणाला. "आणि एक. त्यानंतर भंगार आणणं बंद. ठेवणार कुठं?"

"कळशी गावली तर?"

"कळशी घरात ठेवू. पण नुसती कळशी. तिच्याबरोबर शंभर बायका नकोत."

पैलवानांनी कबूल केलं. घर बांधल्यापासून ते मुलाचं सगळं कबूल करत आले होते. पण मग त्यांनी शोधाची घाई सुरू केली. आता आम्ही रोज जायला लागलो. भुगाव, लवळे, मुठ्याच्या रस्त्यावरचं एकाचं परसदार. गोधडीवाल्यांनी, बोहारणींनी, जुन्या गाड्या फोडणाऱ्यांनीसुद्धा आम्हाला ओळखायला सुरुवात केली. मी नाकारलेली भांडीही ते पुन्हा हातात घेऊन बोटानं चाचपायचे, पोचा लागतो का बघायचे. एका संध्याकाळी एका कळशीला पोचा होता. त्यांनी ती माझ्यापुढं धरली, आणि स्वतः बाहेर जाऊन स्कूटरला टेकून उभे राहिले. मी वाचलं. वत्सला हिस, काकांकडून. मी बाहेर जाऊन नुसती मान हलवली. आम्ही परत निघालो. घाटात धुकं उतरलं होतं आणि त्यांनी दिवा लावायचा राहिला होता. मी खांद्यावर हात ठेवून आठवण केली.

दिवाळी आली आणि गेली. कळशी मिळाली नाही.

गोठा रिकामा करायच्या दिवशी सकाळीच टेम्पो आला. संदीपनं दोन हमाल आणले होते. मी गॅलरीतून बघत होतो, मग खाली गेलो. तारा, नळ्या, बाटल्यांची पोती हमालांनी चढवली. टांगलेली भांडी अजून आत होती. पण गव्हाणीशेजारी लोखंडाचं एक पोतं होतं, ते दोघांना हलेना. त्यातला एक हमाल हसत म्हणाला, "पैलवान, जरा हात लावा की. तुमच्या डाव्या हाताचं काम हाय."

पैलवान भिंतीशी उभे होते. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले.

"आबा, जरा उचला ना त्या बाजूनं," संदीप म्हणाला. "नाहीतर आणखी माणूस बोलवावा लागंल."

"बोलव. मी न्हाई उचलायचो."

"अहो, हे नुसतं लोखंड आहे."

"मी न्हाई उचलायचो म्हनलं ना."

त्यांचा आवाज चढला नव्हता, पण हमाल हसायचा थांबला. संदीपनं माझ्याकडे बघितलं. मी पैलवानांना घेऊन तुळशीपाशी गेलो. तिथल्या कट्ट्यावर ते बसले. हात अजून पाठीमागेच होते, आणि बसायला ते गैरसोयीचं पडत होतं, तरी तसेच.

"तुमी इचारलं व्हतं, पौडच्या दुकानात का जायाचं न्हाई," ते म्हणाले.

मी शेजारी बसलो.

"घर बांधलं. नवी सैपाकघरं झाली. सुनेनं मला इचारलं, मामा, ही जुनी भांडी मोडीत घालू का, कपाटात बसत न्हाईत. तिची काय चूक? मला इचारून केलं. मी म्हनलं, घाल. आमच्या ह्यास्नी जाऊन वरीस झालं नव्हतं. मला वाटलं, भांडी भांडी. पोतं भरलं. दुकानात नेलं तर काट्यावर ठिवायला दोगा गड्यास्नी हालंना. मंग मी म्हनलं, सरा बाजूला."

त्यांनी हात पुढं घेतले आणि मांडीवर ठेवून बघत राहिले.

"एका हातानं उचललं, सर. खांद्याच्या वर नेऊन मंग काट्यावर ठिवलं. बाजाराचा दिस. लोकं जमली. टाळ्या वाजवल्या लोकांनी. एक म्हातारा म्हनला, किसन पैलवान अजून हाय. मी दिसभर लई खूश. घरी आलो, तान लागली, आन सूनबाईनं पानी दिलं. काचंच्या गिलासात. मी गिलास फिरवला. तवा सवय नव्हती, उगंच फिरवला. त्याच्यावर काय नव्हतं."

हमालांनी तिसरा माणूस बोलावला होता. पोतं टेम्पोत आपटल्याचा आवाज आला.

"पळत गेलो दुकानात. गाडी गेली व्हती पुन्याला. वितळली आसंल तवाच. मला म्हाईत हाय, सर. मी काय येडा न्हाई. पन हुडकायचं थांबलो, तर मंग ती मीच टाकली आसं हुतंय."

"घरात दुसरं काही नाही? फोटो?"

"फोटू काढू दिला न्हाई कधी. लाजायची. सातबाऱ्यावर नाव नव्हतंच. रेशनकार्डावर व्हतं, ते गेल्यावर कमी केलं." इमारतीकडे त्यांनी हनुवटीनं दाखवलं. "तितं नातवाचं हाय. तिचं नाव कळशीवरच व्हतं, सर. तिच्या आईनं घातल्यालं. तेवडंच."

मी त्यांना म्हणालो की एक नवीन कळशी घेऊ आणि दुकानात नाव घालून घेऊ. मला हे शहाणपणाचं वाटलं होतं. त्यांनी थोडा विचार केला.

"ती माज्याकडून हुईल," ते म्हणाले. "आईकडून न्हाई."

त्या दुपारी मी संदीपला सांगितलं की टांगलेली भांडी माझ्या खोलीत येतील. तो आधी नको म्हणाला, मग स्वतःच भिंतीला खिळे मारून द्यायला वर आला. हमाल भांडी उचलायला लागले तशी पैलवानांनी त्यांना हटकलं. एकेक भांडं त्यांनी स्वतः काढलं आणि जिना चढून वर आणलं. रूपाली म्हणाली, "मामा, आता बरं उचलताय."

"भाईर न्यायला न्हाई उचलत," ते म्हणाले. "आत आनायला उचलतो."

जागा करायला मला कुमुदची खोकी हलवावी लागली. हलवायची तर उघडावी लागली. तिची भांडी मी द्वारका आणि अंजनी यांच्या मधल्या खिळ्यांवर लावली. वत्सलेची कळशीही त्यात होती. ती त्यांनी नंतर कधीतरी एकट्यानं जाऊन, मला न सांगता आणली होती. काम संपलं तेव्हा ते घामानं भिजले होते. मी पाणी दिलं. त्यांनी तांब्या फिरवला.

"कुमुद हिस, मावशीकडून."

"पैलवान," मी म्हटलं, "एव्हाना तुम्हाला पाठ झालं असेल."

"मला कवाच पाठ झालंय," ते पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले. "घरात बाईचं नाव कुनीतरी घ्यावं लागतं. आमच्यात न्हाई घेत. मंग ते ऱ्हात न्हाई." तांब्या खाली ठेवताना त्यांनी तो नाव माझ्याकडे येईल असा ठेवला. मग मला आठवलं की ते तो नेहमी तसाच ठेवतात.

गोठ्याच्या जागी आता फरशी घातली आहे आणि त्यावर गाड्या उभ्या असतात. पैलवान हल्ली वस्तू आणत नाहीत. कुणी खोली सोडून जाऊ लागलं तर टेम्पोशी येतात, पण सवयीनं, आणि टेम्पो जायच्या आत परत वळतात. तोरणाची दोन-तीन बटणं गळून पडली आहेत, ती त्यांनी पुन्हा ओवली नाहीत. दुपारी ओट्यावर बसतात आणि खाचरांकडे बघतात. कापणी झालेली, खाचरांत नुसते बुडखे.

परवा भाडं द्यायला खाली गेलो तर घरात कुणी नव्हतं. ते एकटेच होते. बसा म्हणाले, आणि आत जाऊन माझ्यासाठी पाणी आणलं. मोडीच्या बदल्यात आलेला तो काचेचा गिलास. त्यांनी तो माझ्या हातात दिला आणि दुसरीकडे बघत उभे राहिले.

मी गिलास डोळ्यांजवळ नेला. चष्मा सारखा केला. काठाला धरून सावकाश फिरवला, पाणी थोडं माझ्या विजारीवर सांडलं. मग एका जागी थांबलो.

"हौसा हिस," मी मोठ्यानं वाचलं. "आईकडून."

पैलवान वळले. मग त्यांनी माझ्या हातातून गिलास घेतला, दारातल्या उजेडाकडे धरला, आणि मी जिथं थांबलो होतो तिथं अंगठा ठेवून बघत राहिले. त्यांचे ओठ हलले, पण आवाज आला नाही.

"अक्षार बारीक हाय," ते म्हणाले. गिलास त्यांनी तसाच, ती बाजू माझ्याकडे करून परत दिला. "प्या आता."